घर बघण्यापासून चावी घेण्यापर्यंत: सोलापुरात घर घेणाऱ्याने विक्रेत्याशी कसे वागावे

सोलापुरात जुन्या घराचा व्यवहार दोन पूर्णपणे अनोळखी माणसांत क्वचितच होतो. विक्रेता कोणाच्या तरी साडूच्या शेजारचा निघतो, मध्यस्थ दोन्ही घरांच्या ओळखीचा असतो, आणि व्यवहार फिसकटला तरी हीच माणसे पुढे नवी पेठेत, लग्नाच्या पंगतीत किंवा गड्ड्याच्या जत्रेत समोरासमोर येतात. असे असूनही घर घेणारा सगळी तयारी पैशांची आणि कागदांची करतो. विक्रेत्याशी कसे बोलायचे, केव्हा बोलायचे आणि काय आधी कळवायचे याचा विचार बहुधा करत नाही. व्यवहारात कटुता येते ती भाव कमी मागितल्यामुळे फारशी येत नाही. न सांगता वकिलाकडे कागद दिले, न विचारता मोजणीचा अर्ज केला, नकार न कळवताच फोन उचलणे बंद केले, अशा गोष्टींनी ती येते. म्हणून खालील प्रत्येक टप्प्यावर एक नियम धरून चालावे: जे करणार आहात ते विक्रेत्याला आधी सांगावे, आणि जे सांगितले ते त्याच दिवशी करावे.

फोन करण्यापूर्वीची तयारी

घर बघायला जाण्याआधी आपली ऐपत नेमकी किती हे आकड्यात लिहून काढावे. घराच्या किमतीशिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क (किमतीच्या 1 टक्का, पण कमाल 30,000 रुपये), वकिलाची फी, दलाली आणि किरकोळ दुरुस्ती हे सगळे धरूनच आकडा काढावा. मुद्रांक शुल्क व्यवहाराची रक्कम आणि सरकारी बाजारमूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर आकारले जाते, त्यामुळे त्या भागाचा रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी मूल्यदर तक्त्यातला, दर आधीच पाहून ठेवावा. कर्ज घ्यायचे असेल तर बँकेकडून आपल्या उत्पन्नावर किती कर्ज मिळू शकते याचे पत्र पहिल्या भेटीपूर्वी मिळवावे. यंत्रमाग, दुकान किंवा अन्य धंदा करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण त्यांचे कर्ज आयकर विवरणपत्रांवर ठरते आणि प्रत्यक्ष कमाई व कागदावरची कमाई यांतला फरक भाव ठरल्यानंतर बाहेर आला की त्याचा भुर्दंड विक्रेत्याच्या वेळेला बसतो.

घरात निर्णय कोण घेणार हेही आधी ठरलेले असावे. तीन भेटी झाल्यावर, भाव पक्का झाल्यावर, ‘वडिलांना दिशा पसंत नाही’ असे सांगणे हा विक्रेत्यावर अन्याय आहे. वास्तू पाहणारे कुटुंब असेल तर दाराचे तोंड कुठल्या दिशेला आहे हे फोनवरच विचारून घ्यावे. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

एकच घर दोन-तीन मध्यस्थांकडे असणे आपल्याकडे नेहमीचे आहे. ज्याने ते घर पहिल्यांदा दाखवले त्याच्यामार्फतच पुढचे बोलणे करावे आणि दलाली किती, ती कोण व केव्हा देणार हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घ्यावे. मध्यस्थाला वगळून थेट मालकाला गाठणारा ग्राहक मालकाला त्या क्षणी फायद्याचा वाटतो, पण हा माणूस उद्या आपल्यालाही असाच वगळेल अशी शंका त्याच्या मनात तेव्हाच बसते.

भेटीची वेळ

वेळ विक्रेत्याच्या सोयीने ठरवावी, आणि ठरवताना शहराचे जगणे ध्यानात ठेवावे. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार या वेळेत कोणाच्या दारात उभे राहू नये. शहराला उजनीचे पाणी येत असले तरी अनेक भागांत ते काही दिवसांआड येते. ज्या दिवशी पाणी सुटते त्या दिवशी सगळे घर हौद, टाक्या, पिंपे भरण्यात गुंतलेले असते. मोटर लावलेली, अंगण ओले, बायका नळीपाशी उभ्या, अशा वेळी पाहुणा आला की त्याला धड पाणीही विचारले जात नाही. म्हणून फोनवर ‘काका, पाण्याचा दिवस सोडून कधी येऊ?’ असे विचारावे. या एका प्रश्नाने आपण शहरातलेच समजदार माणूस आहोत हे कळते, आणि त्या भागाला पाणी किती दिवसांनी व किती वाजता येते ही माहितीही सहज मिळते.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस, पूर्व भागातील पद्मशाली कुटुंबांत नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, मुस्लिम कुटुंबांत रमजानमधील इफ्तारची वेळ, या काळात घर बघण्याचा आग्रह धरू नये. पितृपक्षात अनेक घरांत व्यवहाराचे बोलणेच केले जात नाही. आपण मानत नसलो तरी समोरचा मानतो का हे विचारून घ्यावे. उशीर होणार असेल तर निघण्यापूर्वी कळवावे, कारण घर दाखवायचे म्हणून त्या घरातील माणसांनी आवराआवर केलेली असते आणि कोणीतरी कामाला सुट्टीही टाकलेली असते.

घरात पाऊल टाकल्यावर

पहिल्या भेटीला दोघे, फार तर तिघे जावेत. सासर-माहेरचे सहा-सात जण घेऊन गेल्यास विक्रेत्याच्या घरातील स्त्रिया आणि वृद्ध अवघडतात, आणि प्रत्येक जण वेगळा शेरा मारू लागला की बोलण्याचा धागा राहत नाही. चपला बाहेर काढाव्यात. स्वयंपाकघर, देवघर आणि निजायची खोली दाखवण्याची वाट पाहावी. स्वतःहून दार लोटू नये. फोटो काढायचे असतील तर विचारून काढावेत आणि ते कोणाला पाठवणार हेही सांगावे, कारण घरातल्या वस्तूंचे आणि माणसांचे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरलेले कोणालाही आवडत नाहीत.

चहा दिला तर घ्यावा. वेळ नसेल तर तसे सांगून पाणी तरी घ्यावे. काहीही न घेता उठून जाणे आपल्याकडे नाराजीची खूण मानली जाते.

घरातील उणिवा विक्रेत्यासमोर मोठ्याने मोजून दाखवू नयेत. जुन्या पेठांतील माळवदाचे, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताचे, घर असेल तर छत गळते का, वाशांना वाळवी आहे का, दगडी भिंतीला ओल येते का हे पाहिलेच पाहिजे. पण ते प्रश्न म्हणून विचारावे. ‘पावसाळ्यात या कोपऱ्यात पाणी उतरते का?’ या प्रश्नाला खरे उत्तर मिळण्याची शक्यता असते. ‘हे सगळे पाडावेच लागणार’ असे म्हटल्यावर, ज्याच्या आजोबांनी ते घर बांधले तो माणूस पुढचे काहीच मोकळेपणाने सांगत नाही. पूर्व भागातील घरात खाली माग चालू असतील तर आवाजाबद्दल तक्रारीच्या सुरात बोलण्याऐवजी मागांची जोडणी वेगळ्या मीटरवर आहे का, माग विक्रीत धरले आहेत की काढून नेणार, हे विचारावे.

घरात भाडेकरू असेल तर मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्याशी ‘कधी सोडणार’ अशी चर्चा करू नये. भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चे संरक्षण असू शकते आणि आपल्या एका वाक्याने मालकाची व त्याची बिघडू शकते. शेजाऱ्यांकडे चौकशी करण्यास हरकत नाही, पण ती पाण्याची, सांडपाण्याची, रस्त्याची करावी. मालकाला घर का विकावे लागते आहे याची करू नये.

अवघड प्रश्न

काही प्रश्न विचारलेच पाहिजेत आणि ते नाजूक असतात. त्यांतला पहिला वारसांचा. घर वडिलोपार्जित असेल तर 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबात मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, त्यामुळे बहिणींची संमती किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहावेच लागते. हा प्रश्न ‘तुमच्या बहिणी भांडण तर काढणार नाहीत ना?’ असा विचारला तर तो अपमान ठरतो. त्याऐवजी असे म्हणावे: ‘काका, आमचे वकील प्रत्येक घराच्या बाबतीत सगळ्या वारसांची नावे मागतात. मालमत्ता पत्रकावर कोणाकोणाची नावे लागली आहेत?’ प्रश्न तोच आहे, पण संशय माणसावर न जाता कागदावर राहतो. विक्रेत्यानेही न रागावता उत्तर द्यावे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 प्रमाणे घरातील किंवा मालकीतील जो महत्त्वाचा दोष घेणाऱ्याला साध्या दक्षतेने कळणार नाही, तो सांगणे विक्रेत्यावर बंधनकारकच आहे.

त्याच कलमात घेणाऱ्यावरही एक कर्तव्य आहे, जे फार थोड्या जणांना माहीत असते. विक्रेत्याच्या हक्काचे स्वरूप किंवा व्याप्ती याबद्दलची एखादी गोष्ट घेणाऱ्याला माहीत आहे, विक्रेत्याला माहीत नाही, आणि तिच्यामुळे त्या हक्काची किंमत बरीच वाढते, तर ती विक्रेत्याला सांगणे आवश्यक आहे. समजा, विधवा मावशी घर विकत आहेत, त्या आपल्या जागेचे क्षेत्र दीड गुंठा समजतात, आणि तुम्ही काढलेल्या मालमत्ता पत्रकावर, म्हणजे नगर भूमापन कार्यालयाच्या उताऱ्यावर, ते दोन गुंठे दिसते. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट; अर्ध्या गुंठ्याचा फरक कोणत्याही पेठेत लहान नाही. तो उतारा मावशींसमोर ठेवूनच भाव बोलावा. असा फरक दाबून केलेला व्यवहार पुढे पुतण्या किंवा जावई उकरून काढतो, आणि तेव्हा तुमच्या बाजूला ना कायदा असतो ना गल्ली.

गुंठेवारीच्या, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकलेल्या, जागेबद्दलही सरळ विचारावे: जागा बिगरशेती झाली आहे का, नियमितीकरण झाले आहे का, आणि त्याचा आदेश हातात आहे का. शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये हे प्रश्न सर्वांनाच सवयीचे आहेत, त्याने कोणी दुखावत नाही.

भाव

भाव घरातल्या कर्त्या माणसाशी, बसून, एकदाच गंभीरपणे बोलावा. दारात चपला घालता घालता ‘शेवटचे किती?’ असे विचारू नये. आपला आकडा सांगताना त्यामागचे कारणही सांगावे. बोलणे साधारण असे असावे:

‘काका, घर आम्हाला पसंत आहे. तुम्ही अडतीस म्हणालात. आमच्याकडे बँकेचे पंचवीस आणि हातातले नऊ, असे चौतीसपर्यंत आहे. वायरिंग आणि वरच्या स्लॅबचे वॉटरप्रूफिंग करावे लागेल, त्याचा खर्च वेगळा. चौतीसमध्ये जमत असेल तर आठ दिवसांत इसार देतो.’

‘चौतीस फारच कमी होते, बाळा. मुलाला विचारून सांगतो, तो पुण्याला असतो.’

‘चालेल. रविवारी संध्याकाळी फोन करू का?’

या बोलण्यात आकडा आहे, कारण आहे, मुदत आहे आणि परत केव्हा विचारणार हेही आहे. रविवारपर्यंत मध्ये फोन करू नये. दुसरे घर याहून स्वस्त मिळते आहे अशी खोटी हूल देऊ नये. सोलापूर एवढे लहान आहे की दुसऱ्या घराचा मालक कोण हे समोरच्याला दोन दिवसांत कळते. आपला अंदाज सरकारी दराच्या किंवा अलीकडच्या नोंदलेल्या व्यवहारांच्या आधारे असेल तर सूची दोनच्या, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराच्या सरकारी गोषवाऱ्याच्या, प्रती दाखवाव्यात, मात्र सूची दोनवरचा आकडा हाच खरा बाजारभाव असा हट्ट धरू नये.

रोखीच्या भागाबद्दल येथे स्पष्टच लिहिले पाहिजे. घराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे विक्रेत्याला, स्वीकारलेल्या रकमेइतका होऊ शकतो. ‘थोडे कागदावर, थोडे हातात’ असा आग्रह धरणारा ग्राहक आपले मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी समोरच्याला धोक्यात ढकलत असतो. विक्रेत्यानेच तसे सुचवले तर नम्रपणे, कर्जाचे कारण सांगून नाही म्हणावे.

घर नको असेल तर दोन दिवसांत फोन करून तसे सांगावे. कारण सविस्तर सांगण्याची गरज नाही. पण गप्प राहणाऱ्या ग्राहकासाठी विक्रेता दुसरे ग्राहक परत पाठवत बसतो, आणि हा प्रकार फार होतो.

इसार आणि साठेखत

इसाराची रक्कम धनादेशाने किंवा बँकेतून द्यावी आणि पावतीत चार गोष्टी लिहून घ्याव्यात: एकूण किंमत, खरेदीखताची मुदत, मालकी सदोष निघाल्यास किंवा कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत मिळण्याची अट, आणि घेणाऱ्याने विनाकारण माघार घेतल्यास काय. शेवटची अट घेणाऱ्यानेच स्वतःहून घालावी. आपल्या सोयीच्या अटी मागून त्याच्या सोयीची अट टाळणे शोभत नाही. खात्यात पैसे नसताना धनादेश देऊन ‘चार दिवस थांबा, टाकू नका’ म्हणणे, आणि दोन घरांचा इसार देऊन बसणे, या दोन गोष्टी कधीच करू नयेत.

मुदत ठरवताना विक्रेता हे पैसे कशासाठी वापरणार हे विचारावे. त्याला दुसरे घर घ्यायचे असेल तर भांडवली नफ्यावरील कर वाचवण्यासाठी त्याच्याही मुदती असतात, आणि मुलीचे लग्न ठरले असेल तर तारीख मागेपुढे होणार नसते. तुमची बँक सहा आठवडे घेणार असेल तर चार आठवड्यांची मुदत लिहून देऊ नये.

किंमत 50 लाख रुपये किंवा अधिक असेल तर घेणाऱ्याला 1 टक्का कर कापून सरकारकडे भरावा लागतो. हे भाव ठरतानाच सांगावे. नोंदणीच्या दिवशी अचानक पन्नास हजार कमी दिसले की विक्रेत्याला फसवल्यासारखे वाटते. कपातीचे प्रमाणपत्र त्याला वेळेत मिळवून देणे ही तुमचीच जबाबदारी आहे. विक्रेता किंवा सहमालक परदेशात राहणारा असेल तर नियम वेगळे आणि कपात बरीच मोठी असते, तेथे कर सल्लागाराशिवाय पुढे जाऊ नये.

‘चावी द्या, तोवर रंग मारून घेतो’ ही मागणी खरेदीखतापूर्वी करू नये. विक्रेता भिडेने हो म्हणतो आणि रात्रभर काळजीत राहतो; शिवाय ताबा देऊन केलेल्या साठेखतावर, म्हणजे खरेदीखतापूर्वीच्या विक्रीच्या करारावर, महाराष्ट्रात खरेदीखताप्रमाणेच मुद्रांक शुल्क लागते.

तपासणी, नोटीस, मोजणी

वकील साधारणपणे तीस वर्षांचा शोध घेतात आणि मूळ कागद मागतात. मूळ कागद विक्रेत्याच्या हातून नेऊ नयेत. छायाप्रती घ्याव्यात, मूळ प्रती वकिलाच्या कार्यालयात विक्रेत्यासमोर दाखवाव्यात, आणि काही ठेवून घ्यावेच लागले तर यादी करून सही द्यावी. वकिलाने काढलेल्या त्रुटी विक्रेत्याला एकदम, लेखी, एका कागदावर द्याव्यात. आज एक दाखला, परवा दुसरा, असे हेलपाटे घालायला लावू नयेत, विशेषतः विक्रेते वयस्क असतील तर. शक्य असेल तर नगर भूमापन कार्यालयात किंवा महापालिकेत त्यांच्याबरोबर स्वतः जावे.

वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस हा सर्वांत जास्त गैरसमज करणारा प्रकार आहे. ‘संचार’मध्ये किंवा अन्य दैनिकात आपल्या घराचा गट क्रमांक आणि नाव अचानक वाचले की विक्रेत्याला नातेवाइकांचे फोन सुरू होतात: घर विकले का, कर्ज झाले का. म्हणून नोटिशीचा मसुदा दोन दिवस आधी दाखवावा, आणि त्यांना घरातल्या माणसांना सांगायला वेळ द्यावा. मोजणीचेही तसेच. मोजणीच्या नोटिसा लगतच्या धारकांना जातात. शेजाऱ्याशी हद्दीचा जुना वाद असेल तर तो विक्रेत्याकडून आधी समजून घ्यावा, मोजणीच्या दिवशी गल्लीत उभे राहून नव्हे.

फ्लॅट असेल तर सोसायटीच्या सचिवांना विक्रेत्याबरोबरच भेटावे. विक्रेत्याची थकबाकी त्यांच्यासमोर काढू नये.

नोंदणीचा दिवस

मसुदा किमान तीन दिवस आधी विक्रेत्याला मराठीत वाचायला द्यावा आणि घरी पूर्व भागात तेलुगू किंवा अक्कलकोटकडे कन्नड बोलली जात असेल, तर मुलाने किंवा ओळखीच्या माणसाने समजावून सांगण्यास वेळ द्यावा. पॅन, आधार, फोटो, दोन ओळखदार ही यादी आदल्या दिवशी पाठवावी. दुय्यम निबंधक कार्यालयात गर्दी असते. वृद्धांच्या बोटांचे ठसे यंत्रावर पटकन उमटत नाहीत, त्यामुळे पहिल्या क्रमांकाची वेळ घ्यावी. विक्रेता अंथरुणाला खिळलेला असेल तर नोंदणी अधिनियम, 1908 प्रमाणे विशेष कारणासाठी अधिकाऱ्याने घरी येऊन नोंदणी करण्याची सोय आहे. तिचा अर्ज आणि खर्च घेणाऱ्याने करावा. सही करण्याआधी डिमांड ड्राफ्ट किंवा बँकेचा धनादेश विक्रेत्याला हातात घेऊन वाचू द्यावा. कर्जाचा धनादेश बँक नंतर देणार असेल तर तो कोणत्या दिवशी, कोणाच्या हस्ते मिळेल हे लेखी सांगावे. ओळखदार म्हणून आलेल्या माणसांना जेवू घालणे घेणाऱ्याकडे असते.

ताबा आणि त्यानंतर

काय राहणार आणि काय जाणार याची यादी इसाराच्या वेळीच करावी: पंखे, गिझर, सौर बंब, इन्व्हर्टर, पाण्याची मोटर, लोखंडी झोपाळा, फाटकाची जाळी. बहुतेक वाद मोटरवर आणि झोपाळ्यावर होतात. देवघरातला दगडी पाट किंवा अंगणातले तुळशीवृंदावन न्यायचे असेल तर आनंदाने नेऊ द्यावे, त्याचा हिशेब करू नये. सामान हलवायला चार-आठ दिवस जास्त मागितले तर तारीख लिहून घेऊन द्यावेत. ताबा घेताना विजेच्या मीटरचे रीडिंग दोघांनी मिळून लिहावे आणि त्या तारखेपर्यंतची घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल यांचा हिशेब तेथेच मिटवावा.

त्यानंतर मालमत्ता पत्रकावर, महापालिकेच्या कर विभागात आणि महावितरणकडे नाव बदलण्याचे अर्ज महिन्याच्या आत करावेत, आणि प्रत्येक नोंद झाली की विक्रेत्याला तिची प्रत पाठवावी. वर्षानुवर्षे जुन्या मालकाच्या नावाने थकबाकीच्या नोटिसा जात राहतात, तेव्हा त्याला नाहक कार्यालयात जाऊन घर विकल्याचे सिद्ध करावे लागते. त्याची जुन्या पत्त्यावर येणारी टपाले, विशेषतः बँकेची, पेन्शनची आणि विम्याची, एका पिशवीत जमा करून फोन करावा, किंवा त्या भागात जाणे झाले की देऊन यावे.